बंगळूरचा सागवानी महाल

बंगळूरचे नाव घेताच आज काचेच्या उंच इमारती आणि संगणकाच्या कचेऱ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु याच शहराच्या जुन्या भागात, कृष्णराजेंद्र मंडईच्या गजबजाटापासून हाकेच्या अंतरावर, सव्वादोनशेहून अधिक वर्षे उभा असलेला एक सागवानी महाल आहे. टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल म्हणून तो ओळखला जातो. तो पाहण्याचा योग मला आला, तो मात्र एका घरगुती मतभेदाच्या निमित्ताने.

वाईला आमचा वडिलार्जित वाडा आहे. त्याच्या चौकातील एक खांब तळाशी कुजला आणि घरात प्रश्न उभा राहिला. वखारवाल्याने वाड्यातील सगळ्या लाकडाची किंमतही करून ठेवली होती. थोरले बंधू नोकरीनिमित्त बंगळुरास स्थायिक झालेले. "वाडा उतरवू आणि मोकळे होऊ," असे त्यांचे मत. मला ते पटेना. पत्रांनी व फोनने हा गुंता सुटेना, म्हणून समक्ष बोलावे या हेतूने मी तिकडे गेलो. दोन दिवस बोलूनही निर्णय होईना, तेव्हा दादाच म्हणाले, "चल, तुला इथला एक वाडा दाखवतो."

मंडईच्या मेट्रो स्थानकावर उतरून आम्ही चालत निघालो. वाटेत कोटे वेंकटरमण मंदिर लागले. कन्नडमध्ये 'कोटे' म्हणजे किल्ला. सतराव्या शतकाच्या अखेरीस चिक्कदेवराज वडियारांनी हे मंदिर बांधविले. त्यापूर्वी बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, हे आठवले की मराठी माणसाला ही भूमी परकी वाटत नाही. मंदिराला लागूनच महाल आहे.

हैदरअलीने १७८१ साली या महालाच्या कामास आरंभ केला. पुढच्याच वर्षी तो वारला आणि १७९१ साली टिपूने काम पुरे केले. दैवयोग असा की, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूरचा किल्ला जिंकला. त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. १७९९ साली श्रीरंगपट्टणास टिपू पडला आणि पुढे या महालात सरकारी कचेऱ्या भरू लागल्या. १८६८ साली त्या 'अठारा कचेरी' या तांबड्या इमारतीत हलविण्यात आल्या. मधल्या व पुढच्या काळात किल्ल्याचा बहुतेक कोट पाडला गेला. दिल्ली दरवाजाच्या आसपासचा थोडासा भाग तेवढा उरला. दगड गेला आणि लाकूड राहिले!

महाल दुमजली आहे. दर्शनी बाजूस उंच सागवानी खांबांच्या रांगा, त्यांवर पाकळीदार महिरपी आणि वर सज्जे. पूर्वेकडील व पश्चिमेकडील सज्जांत बसून टिपू दरबार भरवीत असे, असे सांगतात. 'रश्के जन्नत', म्हणजे स्वर्गालाही हेवा वाटावा असे स्थान, हे बिरुद या वास्तूला फारसी लेखात दिलेले आहे. भिंतींवरील फुलापानांची रंगीत नक्षी आता फिकी पडली आहे. खांब मात्र ताठ आहेत. ते पाहताना पेशवाईतील वाड्यांच्या सुरूदार खांबांची आठवण झाल्यावाचून राहात नाही.

लाकडाची घरे जगात अनेक परींनी बांधतात. नॉर्वे आणि रशिया या थंड देशांत ओंडके आडवे एकावर एक रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून ते एकमेकांत अडकवितात. हिमाचलात लाकूड व दगड यांचे थर आलटूनपालटून रचतात. आपल्या वाड्यांत आणि या महालाच्या दिवाणखान्यांत लाकूड मुख्यतः उभे केलेले असते. खांबांनी आणि तुळयांनी माथ्यावरचा भार तोलावयाचा. रीत कोणतीही असो, लाकडाचे पाय कोरडे आणि डोके झाकलेले असावे लागते. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असल्यामुळे वाळवी त्याला सहसा शिवत नाही. पण सततची ओल सागालाही सोसत नाही.

मी खाली वाकून खांबांचे तळ पाहू लागलो. प्रत्येक खांब जमिनीपासून उंच अशा दगडी तळखड्यावर उभा होता. सभोवार वारा खेळत होता. "दादा, आपल्या चौकातला तळखडा आठवतो का तुम्हाला?" मी विचारले.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो फरशीखाली गेला. आईचा पाय घसरतो म्हणून मीच चौकात सिमेंट घालून जमीन उंच केली. पाणी खांबाच्या बुडाशी साचले, ते माझ्यामुळे."

दोष कोणाचा हा प्रश्न मी विचारला नव्हता. परंतु खांब म्हातारा होऊन कुजला नव्हता, हे आम्हा दोघांनाही त्या क्षणी उमगले.

याच शहरात मल्लेश्वरम भागात काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. लाकूड ओळखणे, वाळविणे, किडीपासून राखणे या विषयांवर तेथे संशोधन चालते. हाताच्या कसबाला जे अनुभवाने ठाऊक होते, त्याची कारणे अशा ठिकाणी शोधली जातात. महाल उभारणाऱ्या सुतारांकडे प्रयोगशाळा नव्हती; तरीही दगड किती उंच हवा, हे त्यांना कळले होते.

लाकडाला शत्रू आणखीही आहेत. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. दगडी जोते आणि तट उरले, वरचे सागवानी मजले गेले. म्हणून जे वाचले आहे, त्याची काळजी अधिकच घ्यावयास हवी.

त्या उन्हाळ्यात दादा पंधरा दिवसांची रजा काढून वाईला आले. चौकातील सिमेंट फोडले. तुळईला टेकू देऊन खांबाचा कुजलेला हातभर भाग कापून काढला आणि त्या जागी तेवढाच उंच नवा तळखडा बसविला. गावातील वृद्ध सुताराने खांबावर थाप मारून पाहिली आणि "वरचा गाभा शाबूत आहे," असे सांगितले. वखारवाल्याला आम्ही नकार कळविला.

वाचकहो, बंगळुरास गेलात तर तो महाल अवश्य पाहा. नक्षी पाहून झाली की एकदा खाली वाकून खांबांचे पायही पाहा. आणि घरी परतल्यावर आपल्या घराचेही.