सुरूची फांदी

वसईतल्या आमच्या घरी नाताळचे झाड म्हणजे कुंपणालगतच्या सुरूची फांदी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाबा ती कोयत्याने उतरवीत आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून तीत रोवीत. सजावटीचा अधिकार आईचा. गोठा मात्र आम्हा तिघा भावंडांचा. (फादर स्टीफन्स यांच्या, १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त गोठा आहे, नाताळचे झाड नाही. ही प्रथा मूळची जर्मन घरांतली. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ साली छापून आल्यावर ती इंग्रजी घरांत लोकप्रिय झाली. पण घरातल्या मुलाला हे कुठे ठाऊक असते? त्याच्या लेखी झाड आईइतकेच जुने.)

आता ताई मेलबर्नला असते आणि धाकटा मस्कतला. आई गेली त्या वर्षी पत्र्याच्या पेटीतल्या तिच्या वस्तूंची वाटणी झाली. जमिनीवरून आम्ही भांडलो नाही. भांडलो ते एका चांदणीवरून. काचेचे गोळे तिघांत वाटले गेले, घंटा धाकट्याने नेल्या. शेंड्यावरची चांदणी ताईने मागितली. आईने ती पुठ्ठा कापून, त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद डकवून केली होती. "तू घरीच आहेस, तुला सगळेच आहे," ताई म्हणाली. मी चांदणी दिली, मनापासून दिली नाही. पुढचे दोन नाताळ आमचे बोलणे शुभेच्छांपुरतेच झाले.

तिकडे ताई रेडिआटा पाइनचे झाड विकत आणते. हा पाइन मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. आणि ज्या सुरूला आम्ही अस्सल वसईचा समजत आलो, त्याच्या मूळ प्रदेशात उत्तर ऑस्ट्रेलियाही मोडतो! म्हणजे सुरूच्या मुलखात जाऊन ताई परक्या झाडावर आमची चांदणी लावते, आणि मी इथे परक्या झाडाला आपले म्हणत बसतो. तिसऱ्या वर्षी हे मी तिला फोनवर ऐकवले, तेव्हा ती पुष्कळ वेळ हसत राहिली. अबोला सुटला तो असा. चांदणीचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

२४ डिसेंबरला संध्याकाळी साडेसहाला, तिकडे मध्यरात्र होताच, ताईचा व्हिडिओ कॉल येतो. मस्कतला तेव्हा पाच वाजलेले असतात. धाकटा कामावरूनच सामील होतो. ताई फोन झाडाच्या शेंड्याशी नेते. बाबा चष्मा पुसून चांदणी निरखतात, कागद कुठे सुटला असेल तर खळ लावायला सांगतात. त्यानंतरच आमच्या फांदीवरचे दिवे लागतात.

फांदीचा शेंडा मोकळा असतो. गेल्या वर्षी मी बाजारातून नवी चांदणी आणली होती. "छान आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी ती खिडकीत टांगली.