पाऊल जपून, पण पाण्यात

वाचकहो, समुद्राकाठी राहणारी माणसे आपोआप निरोगी असतात, असा एक गोड समज आपल्या मनात असतो. स्वच्छ हवा, मोकळे आकाश, ताजी मासळी. मग आजार येणार कोठून? मॉरिशसच्या निळ्या पाण्याची छायाचित्रे पाहिली की हा समज अधिकच घट्ट होतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या या देशात प्रौढांपैकी साधारण पाचात एकाला मधुमेह आहे. समुद्राचा शेजार लाभला म्हणजे त्याचा सहवास लाभतोच असे नाही, हे इथे संसार करताना मला वारंवार जाणवते.

आम्ही क्वात्र बोर्न या पठारावरच्या गावात राहतो. पश्चिमेचा फ्लिक आँ फ्लाक किनारा मोटारीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. तरीही आठवड्याचे सहा दिवस समुद्राचे दर्शन दुरूनच घडते. सकाळी मुलांचे डबे, शाळा, कचेरी आणि संध्याकाळी वाहनांची गर्दी. तुमच्या ठाण्या-पुण्यातील घरांहून हे वेळापत्रक फारसे वेगळे नाही. न्याहारीला बेकरीतला पांढरा पाव, दुपारी गाडीवरची दालपुरी, दिवसातून तीन-चार वेळा गोड चहा आणि पाहुणा आला की थंड पेय. ज्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांत दिवसभर राबले, ती माणसे आज खुर्चीत बसून काम करतात. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला आहे.

माझ्या सासूबाई अशाच एका घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज 19 व्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून या बेटावर आले. आई आरत्या मराठीत म्हणतात, बाजारहाट क्रिओलमध्ये करतात, आणि समुद्रावर त्यांचा फार जीव. त्यांच्या लहानपणी रविवारी सारी आळी मिळून बस ठरवत असे. मोठी पातेली, चटया, ढोलके घेऊन माणसे सुरूच्या झाडांखाली दिवस काढत. इथे सुरूला फिलाओ म्हणतात. आजही सार्वजनिक किनाऱ्यांवर रविवारी हेच दृश्य दिसते, आणि आमचे कुटुंबही त्यात असते.

आईंना मधुमेह होऊन 14 वर्षे झाली आहेत. दोन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रात त्यांच्या पावलांची तपासणी झाली. त्यांना डोळे मिटायला सांगून परिचारिकेने नायलॉनचा एक धागा तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. आईंना तो चारच ठिकाणी जाणवला. वाढलेल्या साखरेमुळे पायांच्या नसा हळूहळू निकामी होतात, त्याचे हे लक्षण. अशा पावलाला काटा बोचल्याचे कळत नाही, चटका बसल्याचे कळत नाही. जखम चिघळते तेव्हाच ती डोळ्यांना दिसते. “यापुढे अनवाणी चालायचे नाही, घरातसुद्धा नाही,” असे डॉक्टरांनी बजावले.

आईंनी त्या सल्ल्यातून स्वतःपुरता निष्कर्ष काढला: समुद्र संपला. त्या वर्षी गणपतीच्या विसर्जनाला त्या सुरूच्या सावलीत खुर्चीवर बसून राहिल्या. मूर्ती पाण्यात जाताना त्यांनी दुरूनच हात जोडले. पुढे त्या रविवारीही घरीच थांबू लागल्या. चालणे कमी झाले, गुडघे आखडले, बोलणेही कमी झाले. सहा महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 7.4 वरून 8.6 वर गेला. पाऊल वाचवण्यासाठी त्यांनी जे सोडले होते, तेच त्यांना हिंडते-फिरते ठेवत होते.

पुढच्या भेटीत माझ्या दहा वर्षांच्या मुलीने डॉक्टरांना सरळ विचारले, “आजी बूट घालून पाण्यात गेली तर?” डॉक्टर हसले, आणि मग त्यांनी गंभीरपणे एकेक अट सांगितली. आमचा आजचा रविवार त्या अटींवर उभा आहे. त्या तुमच्याही घरी कोणाला उपयोगी पडतील, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रथम जागा. मॉरिशसला बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाच्या भिंतीचे कडे आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आतले पाणी उथळ व शांत राहते. मात्र भिंतीत जिथे खिंडारे आहेत, तिथून भरती-ओहोटीचे पाणी जोराने आत-बाहेर करते. त्यांच्या जवळपास आम्ही कोणालाच जाऊ देत नाही. दक्षिणेला ग्री ग्री येथे ही भिंत नाही, तिथे समुद्र थेट कड्यावर आदळतो. तो समुद्र आम्ही काठावरूनच पाहतो. जून ते सप्टेंबर हा इथला हिवाळा. तेव्हा आग्नेयेकडून वाहणारे वारे पूर्वकिनारा खवळून टाकतात, म्हणून आम्ही पश्चिमेचा आडोसा धरतो.

मग पादत्राणे. आईंच्या मापाचे, जाड तळव्याचे, पाण्यात घालायचे घट्ट बूट आम्ही घेतले. ते घालण्यापूर्वी आत हात फिरवून वाळू वा खडा नाही ना, हे पाहतो. सपाता चालत नाहीत, कारण त्या पाण्यात निसटतात आणि बधिर पावलाला ते उमगत नाही. तळाशी प्रवाळाचे धारदार तुकडे आणि काटेरी सी-अर्चिन असतात. दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही असतो. इथले कोळी त्याला लाफ म्हणतात. त्याचा काटा जाड तळवाही भेदू शकतो, म्हणून आम्ही खडकाळ भाग टाळून स्वच्छ वाळूच्या तळावरच चालतो. तो टोचल्यास पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून तातडीने रुग्णालय गाठावे लागते. आणि पाय बधिर असेल, तर पाण्याची उष्णता दुसऱ्याने स्वतःच्या हाताने पारखावी लागते, नाहीतर उपचारानेच पाय भाजेल.

वेळ सकाळी नऊच्या आत, किंवा ऊन कलल्यावर. दुपारी वाळू इतकी तापते की न कळता तळवा पोळतो. निघण्यापूर्वी आई साखर तपासतात. पाण्यातल्या चालण्याने साखर खाली येऊ शकते, म्हणून डब्यात ग्लुकोजच्या गोळ्या असतात. इन्सुलिन गार पिशवीत, पण बर्फाला न चिकटता ठेवतो. पायावर लहानशीही जखम असेल, तर त्या रविवारी आई काठावर बसतात. खारे पाणी जखम धुऊन काढते ही समजूत धोक्याची आहे; समुद्राच्या पाण्यातही जंतू असतात.

आणि मग, कमरेइतक्या पाण्यात, मुलाचा हात धरून आई वीस मिनिटे चालतात. तिथे शरीराचा जवळजवळ निम्मा भार पाणी उचलते. जमिनीवर कुरकुरणारे गुडघे तिथे तक्रार करत नाहीत.

बाहेर आल्यावर सर्वांत महत्त्वाचे काम माझ्या मुलीकडे असते. गोड्या पाण्याने ती आजीची पावले धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते आणि टाच, तळवा, नखांच्या कडा डोळ्यांखालून घालते. गेल्या एप्रिलमध्ये तिला करंगळीखाली एक ओरखडा दिसला. जेमतेम नखाएवढा. आईंना त्याचा पत्ता नव्हता. आम्ही तो स्वच्छ करून झाकला, दुसऱ्याच दिवशी दाखवला, आणि दोन आठवडे आई पाण्यात उतरल्या नाहीत. ओरखडा भरून आला. तो पाहिला गेला नसता, तर काय झाले असते हे डॉक्टरांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

साखरेचा आकडा आता 7.7 आहे. पावलांची संवेदना परत आलेली नाही, आणि ती येईल अशी आशा कोणी दिलेलीही नाही. यात चमत्कार काही नाही. पण आई रविवारची वाट पाहतात, आणि शनिवारी रात्री स्वतःचे बूट स्वतः दाराशी काढून ठेवतात.

वाचकहो, हे नियम जसेच्या तसे कोकणात नेऊ नका. आपला समुद्र खुला आहे, त्याला प्रवाळाचे कडे नाही. पावसाळ्यात तर त्यात उतरूच नये. कदाचित तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचा समुद्र म्हणजे टेकडी असेल, वारी असेल, शेताचा बांध असेल. आजारपणाने त्यांच्यापासून असे काही हिरावले असेल, तर ते मुकाट्याने सोडून देऊ नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा, “हे कोणत्या अटींवर करता येईल?” कधी उत्तर नकाराचेच असेल, आणि ते मानावे लागेल. पण प्रश्न विचारायला घरातले कोणीतरी बरोबर जायला हवे.