मधल्या रांगेतून

व्हायोलिन शिकलो ते पुण्यात, मांडी घालून, वाद्याचं टोक घोट्यावर टेकवून. सोबतीला तानपुरा आणि तबला. बरंवाईट जे काही निघेल ते आपल्याच गजातून. जर्मनीत विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात शिरलो तेव्हा व्हायोलिनवाल्यांची गर्दी होती आणि व्हिओलावाल्यांची चणचण. ती बहुधा सगळीकडेच असते. मी व्हिओला घेतला. सूर खालचा, आवाज किंचित घोगरा.

इथं वाजवणारी मुलं वैद्यकाची, गणिताची, भूगर्भशास्त्राची. दोघांत एक स्टँड. आतल्या बाजूला बसतो त्यानं पान उलटायचं, म्हणजे मी. तेवढा वेळ शेजारीण एकटी वाजवत राहते. गज कुठं वर, कुठं खाली, हे सगळ्यांच्या पानांवर पेन्सिलीनं सारखंच लिहिलेलं. लहर आली म्हणून तान घेण्याची सोय नाही.

यंदा द्वोर्झाकची नववी सिम्फनी बसवली, १८९३ साली न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजलेली. हा गृहस्थ प्रागच्या थिएटरात १८६२ पासून १८७१ पर्यंत व्हिओलाच वाजवत होता, हे कळल्यावर मला तो आपल्यातला वाटू लागला. दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्नची ती प्रसिद्ध सुरावट येते. तिच्याखाली आम्ही तारांवर म्यूट चढवून लांब सूर धरतो. श्रोत्यांना सुरावट ऐकू येते; आम्हाला ती आमच्या सुरावर पाऊल टाकताना कळते. हे सुख सभागृहात बसून मिळत नाही, अगदी पहिल्या रांगेचं तिकीट काढलं तरी.

खरा तपस्वी मात्र ट्यूबावाला. अख्ख्या सिम्फनीत त्याला याच भागात मोजके सूर, बाकी सगळा वेळ मांडीवर वाद्य. झांजेचा तर शेवटच्या भागात एकच आघात. तरी दोघं प्रत्येक तालमीला हजर, विरामाचे बार मोजत. ठेका नसताना मोजत राहणं किती अवघड, हे समेच्या भरवशावर वाढलेल्या मला इथं कळलं.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आईला पाठवलं. तिनं ते पूर्ण ऐकलं आणि फोनवर विचारलं, "यातलं तुझं कुठलं रे?"

"वेगळं ऐकू आलं असतं तर मला काढून टाकलं असतं, आई."

"असं होय," ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी फोटो पाठव."