एका वेळी एकच छर्रा

शेवटी घेतलीच. एअर रायफल. नळी मोडून एका वेळी एकच छर्रा भरायची, ४.५ मिमीची. हापिसात कळल्यावर पहिला प्रश्न "लायसन्स?" आणि दुसरा "मग शिकार कधी?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची हवेची बंदूक परवान्याशिवाय घेता येते. दुकानदाराने ओळखपत्राची प्रत ठेवून घेतली, विषय संपला. दुसऱ्या प्रश्नाकडे येतोच.

आधी थोडं गणित, सवय जात नाही. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. सेकंदाला २०० मीटर वेग धरला तर १० ज्यूल. किलोभर तांदळाचं पुडकं मीटरभर उंचीवरून पडलं तर तेवढीच ऊर्जा. पण इथे ती सगळी टिकलीएवढ्या जागेत उतरते. "खेळण्यातली बंदूक" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गेले तीन विकांत खालापूरला मामांकडे जातोय. भात कापून झालंय, मागे मातीचा चांगला उंच बांध आहे, त्याच्यापुढे पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यावर कागद. नव्या रायफलीचे पहिले छर्रे म्हणजे निव्वळ गोंधळ. आत कारखान्यातलं तेल असतं, दट्ट्या पुढे आदळला की दाबाने हवा तापते आणि ते तेल पेटतं. आवाज मोठा, नळीतून धूर, जळका वास. अगदी डिझेल इंजिनचं तत्त्व! शंभरेक छर्र्यांनंतर ती शांत झाली. छर्रा न भरता चाप मात्र ओढायचा नाही. समोर हवेची उशी राहत नाही आणि दट्ट्या थेट भिंतीवर आपटतो.

गंमत म्हणजे हिला घट्ट धरलेलं चालत नाही. स्प्रिंग सुटताना रायफल आधी मागे येते, मग दट्ट्या थांबला की पुढे झेपावते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत सुरू झालेलं असतं. म्हणून डाव्या तळव्यावर नुसती ठेवायची, हवं तसं हलू द्यायचं, पण दर वेळी तसंच. पाच छर्रे एका जागी पण डावीकडे बसले तर मागची खाच फिरवायची. पाच जागी पाच बसले तर स्क्रू पिळून उपयोग नाही, बग बंदूकवाल्यात आहे. :) ऑलिम्पिकच्या १० मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. पनवेलच्या सुमा शिरूर २००४ ला अथेन्समध्ये या प्रकाराच्या अंतिम फेरीत होत्या. माझे पाच छर्रे सध्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात, तेही दिवस चांगला असेल तर. असो.

आता शिकार. मामांचा हेतू मला दुसऱ्या शनिवारीच कळला. भातानंतर त्याच ओलीवर वाल लावतात, आणि शेंगा धरल्या की माकडं येतात. रात्री रानडुकरं. "एक-दोघांना बसू दे, परत फिरकायची नाहीत," मामा म्हणाले. आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची. आजोबा गेल्यावर परवाना पुढे चालवला नाही, बंदूक गेली. मामांना माझ्या रायफलीत ती दिसत असणार.

मी नाही म्हणालो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, हे एक कारण. पण कायदा बाजूला ठेवला तरी १० ज्यूलने डुक्कर मरत नाही. छर्रा कातडीत रुततो, जखम चिघळते, आणि जनावर झाडीत कुठेतरी आठवडाभर कुजत राहतं. माकडाचा तर डोळाच जाईल. हे सगळं मी त्यांना समजावलं, आकड्यांसकट.

मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे रे. पण तुझा पगार माकडं खात नाहीत."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. रानडुकरांनी केलेल्या पीक नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, सातबारा, खेटे. मामा एकदा गेले आणि कंटाळले. मी म्हटलं, कागदांचं माझ्याकडे द्या, दिवसभर तेच तर करतो. त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला सातबारा काढून दिला, पण "बघ तुला जमतंय का" अशा चेहऱ्याने.

निघताना त्यांनी विचारलं, रायफल इथेच ठेव ना, दर वेळी कशाला नेतोस? मी ती म्यानात घालून डिकीत ठेवली. छर्र्यांची डबी वेगळी, माझ्या बॅगेत.