फुलर्टन : उघडता येणाऱ्या गिटारचे गाव

लॉस एंजेलिसच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर, ऑरेंज काउंटीच्या उत्तर भागात फुलर्टन हे गाव वसले आहे. डिस्नेलँड पाहण्यासाठी अ‍ॅनाहाइमला येणारे प्रवासी शेजारच्या या गावाकडे सहसा वळत नाहीत. बुएना पार्कच्या जैन केंद्रासमोरून जाणारा कॉमनवेल्थ अव्हेन्यू मात्र पूर्वेकडे काही किलोमीटर गेल्यावर याच गावाच्या मध्यभागी पोहोचतो. एके काळी येथे व्हॅलेन्शिया जातीच्या संत्र्यांच्या बागा दूरवर पसरल्या होत्या. त्या बागा आता गेल्या. १९३० साली बांधलेले रेल्वे स्थानक, हार्बर बुलेव्हार्ड हा हमरस्ता आणि त्याच्या कडेच्या काही जुन्या इमारती तेवढ्या उरल्या.

त्यांपैकी एका साध्या इमारतीची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहे. तिला ना घुमट, ना कोरीव खांब. १९४०च्या दशकात तेथे रेडिओ दुरुस्तीचे एक दुकान होते, एवढेच तिचे महत्त्व. दुकानाचे नाव होते ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’.

त्याचे मालक लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ साली या परिसरातील एका संत्राबागायतदाराच्या घरी झाला. शिक्षण त्यांनी हिशेबनिशीचे घेतले. महामंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय आरंभला. ते गिटार वाजवायला कधीच शिकले नाहीत. तरीही नृत्यगृहांत वाजवणारे कलावंत आपले ध्वनिवर्धक आणि वाद्ये घेऊन त्यांच्याकडे येत आणि तक्रारी सांगत. पोकळ अंगाच्या गिटारचा आवाज विजेच्या साहाय्याने वाढवला की ती घोंघावू लागे. मान वाकली, तर वाद्य कित्येक दिवस कारागिराकडे पडून राही. फेंडर या तक्रारींकडे दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहत.

त्यातून १९५० साली भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. पुढच्याच वर्षी तिला ‘टेलिकास्टर’ हे नाव मिळाले आणि १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ तयार झाली. या वाद्यांचे तत्त्व सोपे आहे. पोलादी तारांच्या खाली चुंबके असतात आणि त्यांभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे. तार कंप पावली की त्या वेढ्यांत अत्यल्प विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि ध्वनिवर्धक त्याचा नाद करतो. या भागाला ‘पिकअप’ म्हणतात. फेंडर यांचे वेगळेपण मात्र जुळणीत होते. गिटारची मान त्यांनी सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप आणि बटणे तर दर्शनी पट्टीवरच जोडलेली असत. पट्टी सोडवली की सारे अंतरंग हाती येई. बिघडलेला भाग काढावा, नवा बसवावा आणि वादकाने त्याच संध्याकाळी कार्यक्रमाला जावे, एवढाच त्यामागचा व्यावहारिक हेतू होता.

या सोयीतून एक छंद जन्माला येईल, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नसावे. जे उघडता येते, ते बदलताही येते. दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या मोटारी आपल्या आवडीप्रमाणे सजवण्याची हौस आधीपासून होतीच. फेंडर कंपनीनेही मोटारींचेच रंग गिटारला दिले. ‘फिएस्टा रेड’ हा फोर्ड गाडीचा, तर ‘लेक प्लॅसिड ब्लू’ हा कॅडिलॅकचा रंग. असा खास रंग हवा असेल, तर किमतीवर ५ टक्के अधिक पडत. पुढे हौशी वादक स्वतःच पिकअप बदलू लागले. एका गिटारचे अंग आणि दुसरीची मान जोडून केलेल्या वाद्याला तर ‘पार्टकास्टर’ असे गमतीदार नावच मिळाले. १९७०च्या दशकात पॅसाडेना येथील तरुण वादक एडी व्हॅन हेलन यांनी सुमारे ५० डॉलरच्या अंगावर सुमारे ८० डॉलरची मान चढवली, त्यात गिब्सन कंपनीच्या जुन्या गिटारचा पिकअप बसवला आणि वर चिकटपट्ट्या लावून रंग मारला. हे जोडकाम २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मांडण्यात आले.

या छंदाची दुसरी बाजू संग्राहकांची आहे. १९६५ मध्ये फेंडर यांनी प्रकृतीच्या कारणास्तव आपली कंपनी सीबीएस या उद्योगसमूहाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यानंतरच्या वाद्यांपेक्षा आधीची सरस, अशी धारणा रूढ झाली आणि जुन्या गिटारचा शोध सुरू झाला. १९५४ साली सुमारे २५० डॉलरना मिळणारी स्ट्रॅटोकास्टर संग्राह्य वस्तू ठरली. संग्राहकाला मूळ रंग हवा, मूळ स्क्रू हवेत, मूळ सांधेही जसेच्या तसे हवेत. पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत पुष्कळच उतरते.

येथेच खरा पेच उभा राहतो. १९७०च्या दशकात पुष्कळ वादकांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गिटारचे लाकूड कोरून त्यांत मोठे पिकअप बसवले. त्या वेळी ती केवळ वापरलेली वाद्ये होती. स्क्रू पुन्हा बसवता येतो. कोरलेले लाकूड परत येत नाही. म्हणून आज संग्राहक त्या खाचांकडे हळहळून पाहतात. परंतु संग्राहकांचा नियम सर्वत्र लागू पडत नाही. डेव्हिड गिलमोर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान अनेकदा बदलली, पिकअप बदलले, अंगाला भोके पडली आणि ती बुजवलीही गेली. तीच गिटार २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. त्यांच्या त्या संग्रहाचे उत्पन्न पर्यावरणकार्यासाठी देण्यात आले. फेरफारांमुळे तिचे मोल घटले नाही, कारण प्रत्येक फेरफार एका कलावंताच्या गरजेतून झाला होता. उलट, फेंडर कंपनीच्या खास विभागाने १९९५ पासून नव्या गिटार मुद्दाम झिजवून, ओरखडे पाडून विकण्यास आरंभ केला. न वाजवलेल्या वर्षांच्या खुणाही विकत मिळू लागल्या.

जाणत्या हौशी मंडळींनी या पेचातून एक मध्यम वाट काढली आहे. प्रयोग करायचा, तो स्वस्त किंवा नव्या वाद्यावर. जुन्या वाद्यात फेरफार करावाच लागला, तर तो उलटवता येईल असा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून गिटारसोबत जपायचा. लाकडाचाही विचार आता करावा लागतो. मराठी घरांतून ज्याची कपाटे आणि झोपाळे पिढ्यान्‌पिढ्या टिकले, तेच भारतीय शिसव या गिटारच्या मानेवरील पट्टीसाठी वापरले जाते. २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि तयार वाद्यांना त्यांतून २०१९ मध्ये सूट मिळाली.

फुलर्टनच्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीत आता म्युझियम सेंटर आहे आणि तेथे लिओ फेंडर यांच्या नावाचे दालन आहे. ते १९९१ साली वारले. अखेरपर्यंत ते फुलर्टनमध्येच, आपल्या तिसऱ्या कंपनीत काम करीत होते. गावातील एका रस्त्यालाही त्यांचे नाव आहे. पण या गावातील सर्वांत जिव्हाळ्याची नावे रस्त्यांवर नाहीत. ती गिटारच्या आत आहेत.

जुन्या फेंडर गिटारची मान सोडवली की तिच्या टोकाशी पेन्सिलीने लिहिलेली तारीख दिसते. काहींवर ‘टी. जी.’ ही अक्षरे असतात. टाडेओ गोमेझ या कारागिराची ती खूण. तारांची जोडणी करणाऱ्या स्त्रिया आतल्या पोकळीत कागदी चिकटपट्टीवर आपले नाव व तारीख लिहीत: मेरी, ग्लोरिया. आडनाव नाही. अ‍ॅबिगेल यबारा १९५६ मध्ये कंपनीत आल्या आणि पिकअपवर तार गुंडाळण्याचे काम करीत २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या सहीचे पिकअप आज लोक शोधत असतात. अशा अनेक जणी मात्र केवळ त्या पट्टीपुरत्या उरल्या आहेत.

बंदिस्त वाद्यात ही नावे कधीच दिसली नसती. जुनी तार बदलताना ती पट्टी कचरा समजून फेकून देणेही सोपे असते. जाणता छंदिष्ट तसे करीत नाही. तो नवा डाग लावतो, पट्टी होती तिथेच राहू देतो आणि मगच वरचे स्क्रू आवळतो.