चाकांवरचं घर आणि आजीची पाऊणकी

दोस्तांनो, तुम्ही कधी खडूनं गाडी काढली आहे का? वहीतली नव्हे हं! खऱ्याखुऱ्या मापाची, घरातल्या फरशीवर! आम्ही काढली. तिचीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

मी त्र्यंबकेश्वरला राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या दारात उभं राहिलं की समोर ब्रह्मगिरी दिसतो. यंदा पहिल्या पावसात मी चौथीच्या वर्गाला नद्या शिकवत होते. गोदावरी आपल्या या डोंगरावर जन्मते आणि पूर्वेकडे १४६५ किलोमीटर धावून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा नदीही इथल्याच डोंगरांतली. पण ती पश्चिमेला वळते आणि गोदावरीच्या मानानं थोडीशीच वाट चालून अरबी समुद्र गाठते. एवढं सांगून होतंय तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही पाहिलाय का समुद्र?"

"एकदाच. डी.एड.ला असताना सहलीला गेलो होतो तेव्हा," मी म्हटलं.

रात्री जेवताना हे घरी सांगितलं, तर आमची सहावीतली लेक फुरंगटली. "आम्ही तर एकदाही नाही पाहिला!" दुसरीतल्या धाकट्यानं लगेच ताटावर वाटी वाजवली. "समुद्र! समुद्र!" भाकरी वाढता वाढता सासूबाईही काहीतरी पुटपुटल्या, पण त्या गलक्यात कुणाला ऐकूच आलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा हं. पुढे त्याचं काम पडणार आहे.

बेत ठरला. दिवाळीच्या सुटीत कोकणच्या किनाऱ्यानं जायचं. माझ्या भावाकडे एक जुनी व्हॅन आहे. तो म्हणाला, "सुटीत गाडी नुसती उभी असते. घेऊन जा. तिच्यातच झोपा, तिच्यातच राहा!" अशा राहत्या गाडीला परदेशात कॅम्परव्हॅन म्हणतात. तिच्या आत पलंग, ओटा, कपाट, सगळं असतं. आपल्या महाराष्ट्र शासनानंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. पण तसली थाटाची गाडी आमच्या खिशाला कुठली परवडायला? आमचं घर साधंच. दिवसा बसायची बाकं रात्री आडवी करायची, वर एक फळी, फळीवर गादी. गाडीत कापाकापी मात्र करायची नाही. परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करता येत नाही.

आता बेत आखायचा. शाळेत असतं तसं आम्ही घरात मंत्रिमंडळ नेमलं. लेक झाली रस्तामंत्री, धाकटा पाणीमंत्री, मुलांचे बाबा गाडीमंत्री आणि मी अन्नमंत्री.

बाबांनी पहिल्याच बैठकीत मोबाइलवरचा नकाशा पुढे केला. "रेवसपासून रेडीपर्यंत अख्खा किनारा! सहा दिवसांत!"

रस्तामंत्र्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवला आणि किनाऱ्याच्या वळणावळणानं दोरा लावून मापलं. किनारा पाचशे किलोमीटरच्या आसपास. त्र्यंबकहून अलिबागलाच दोनशेच्या वर. शिवाय रेडीहून परत यायचं! आणि किनाऱ्याचा रस्ता अरुंद, वळणांचा, मधे खाड्या. काही खाड्यांवर पूल नाहीत, तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. बोटीसाठी थांबावं लागलं तर तो वेळ मोबाइल सांगतो का? लेकीनं ताशी पंचवीस किलोमीटर धरून भागाकार केला आणि म्हणाली, "बाबा, या हिशेबानं आपण समुद्र खिडकीतूनच बघणार. पाय भिजवायला वेळच नाही!"

बाबा गप्प. बेत अर्ध्याहून अधिक कापला. रेवदंडा, काशिद, मुरुड, मग बोटीनं दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन आणि शेवटी हरिहरेश्वर. परत येताना म्हसळा, माणगाव, पेण. बास!

मग प्रत्येकानं आपली एकेक इच्छा सांगितली. बाबांना जंजिरा बघायचा होता. भर समुद्रातला हा किल्ला शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही घेता आला नव्हता. लेकीला गाडीसकट बोटीत बसायचं होतं. धाकट्याला शंख. मला रेवदंड्याला लागून असलेलं चौल बघायचं होतं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी त्या बंदरात उतरला होता आणि त्यानं आपल्या प्रवासाची हकिगत लिहून ठेवली. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याचं बंदर आपण जवळ राहून पाहू नये?

चार जणांच्या चार इच्छा वहीत उतरल्या. आता जागा मोजायची.

बाकं आडवी केल्यावर गाडीची मागची जागा भरली सहा फूट लांब आणि सव्वाचार फूट रुंद. तेवढाच चौकोन आम्ही माजघरातल्या फरशीवर खडूनं काढला. नेम असा की जे काही न्यायचं ते या चौकोनात मावलं पाहिजे. मी आत डबे मांडले, शेगडी ठेवली. पाणीमंत्र्यांनी वीस लिटरचा कॅन ढकलत आणला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे वीस किलो वजन! बाबांनी जॅक, पाना आणि टॉर्च ठेवला. मग आम्ही चौघं त्यात आडवे झालो. बाबांचे पाय चौकोनाबाहेर, लेकीचं कोपर माझ्या पोटात. हसून हसून पुरेवाट झाली.

तेवढ्यात धाकटा उठून बसला आणि म्हणाला, "आजी कुठे झोपणार?"

हसणं थांबलं. चौकटीत कोपऱ्यावर आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी कशाला रे? मी घर राखते. तुम्ही या फिरून."

बालमित्रांनो, मी रोज वर्गात हजेरी घेते. एक मूल दिसलं नाही तरी विचारते, कुठं गेलं? आणि घरची हजेरी घ्यायची राहिली होती! चार मंत्री, चार इच्छा, चार उशा. पाचवं माणूस समोर बसलं होतं आणि आम्ही त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

रात्री भांडी आवरताना मी विषय काढला. त्या आधी टाळाटाळ करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "रात्री दोनदा उठावं लागतं गं मला. गुडघे हे असे. अनोळखी ठिकाणी अंधारात कुठं जाऊ? तुम्हाला अडचण नको." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "मीही नाही बघितला, म्हटलं होतं त्या दिवशी. जाऊ दे."

ते न ऐकू आलेलं वाक्य हे होतं!

दुसऱ्या दिवशी मी मंत्रिमंडळाची तातडीची बैठक बोलावली. विषय एकच, आजीची अडचण. कुणीही 'आजी, चल ना गं' असा नुसता आग्रह करायचा नाही. अडचण सोडवायची. तासाभरात उत्तर सापडलं. उघड्या किनाऱ्यावर गाडी लावायचीच नाही. प्रत्येक मुक्कामाला घरगुती राहण्याची सोय असलेली वाडी शोधायची आणि त्यांच्या अंगणात गाडी उभी करायची परवानगी मागायची. फोनवर तीन प्रश्न विचारायचे. संडास अंगणापासून किती पावलांवर? बसायला कमोड आहे का? रात्री दिवा असतो का? हे प्रश्न लेकीनं वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले. गाडीत आजी आणि दोन मुलं झोपतील. आम्ही दोघं शेजारी तंबूत.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. पण ही तुमची भरताभरत काही खरी नाही."

आणि त्या चौकोनाजवळ येऊन बसल्या!

तुम्हाला ठाऊकच असेल, ज्ञानेश्वर माउलींचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तीनाथ यांची समाधी आमच्या त्र्यंबकेश्वरला आहे. ज्येष्ठ महिन्यात त्यांची पालखी निघते आणि सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा असं जवळजवळ चार आठवडे चालून पंढरपूरला पोचते. आजी तरुणपणी दोनदा त्या वारीला गेल्या होत्या. विचार करा, हजारो माणसं, रोज नवा मुक्काम, रोजचा स्वयंपाक, पाणी, अंथरूण. चाकांवरचं घर आम्हाला नवं होतं. आजींनी तर पायांवरचं गाव पाहिलं होतं!

त्यांनी आम्हाला तीन नियम सांगितले. एक, दिवेलागणीच्या आत मुक्काम. अंधारात नवी जागा शोधायची नाही. दोन, पाणी आधी, बाकी मागून. तीन, जे आधी लागतं ते शेवटी भरायचं, म्हणजे ते वर राहतं. आमचा टॉर्च सगळ्यात खाली होता!

मग एक रात्र रंगीत तालीम केली. गाडी आमच्याच अंगणात लावली आणि जेवून सगळे आपापल्या जागी झोपलो. अहो, काय फजिती! डासांच्या भीतीनं मुलांनी काचा घट्ट लावून घेतल्या. मध्यरात्री गुदमरून जागी झाली. पाहतात तर काचा आतून ओल्याचिंब. आपल्या उच्छ्वासात वाफ असते, ती थंड काचेवर धरते. तेव्हा दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं उघड्या हव्यात आणि त्यांना मच्छरदाणीचं कापड हवं, ही नोंद झाली. आमच्या तंबूचा एक खुंटा उपटला आणि तंबू बाबांच्या नाकावर आला. सकाळी चहाला साखर सापडेना. धाकटा म्हणाला, "आई, शेगडी आतच पेटवू या, बाहेर थंडी आहे." तसं कधीही करायचं नाही हं! बंद गाडीत शेगडी पेटवली तर विषारी वायू साठतो. त्याला वासही नसतो, म्हणून तो कळत नाही. चूल नेहमी बाहेर, मोकळ्यावर.

घरी फजिती झाली ते बरंच झालं. साखर घरात होती!

आता शेवटची गंमत. माझी डी.एड.ची एक मैत्रीण कोकणातली. तिला फोन केला तर ती म्हणाली, "भरती-ओहोटी बघून फिरा. वाळूवर गाडी नेऊ नका, रुतली आणि भरती आली तर पंचाईत. आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राच्या खडकांवरून आहे, ती ओहोटीलाच करायची, तीही तिथल्या लोकांना विचारून." भरतीची वेळ कशी ओळखायची, असं विचारलं तर म्हणाली, "सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा. तितक्या वाजता भरती."

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आजी मात्र डोळे मिटून म्हणू लागल्या, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." मुलं थक्क! आजीच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून घेत. आणि तिथी? ती तर त्यांना रोज कॅलेंडर न बघता ठाऊक असते.

आम्ही भाऊबीज झाल्यावर निघणार, म्हणजे कार्तिक शुद्ध तृतीयेला. चतुर्थीला मुरुड, भरती तीनला. पंचमीला बोटीनं दिवेआगर, भरती पावणेचारला. षष्ठीला हरिहरेश्वर, साडेचारला. सप्तमीला भरती सव्वापाचला. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सहा तासांवर ओहोटी असते, म्हणजे सप्तमीला सकाळी अकराच्या सुमारास. प्रदक्षिणेची वेळ आजींनी मिनिटभरात काढून दिली. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटचा शब्द तिथल्या माणसांचाच. पण मंत्रिमंडळात त्याच क्षणी पाचवं खातं निघालं. आजी झाल्या भरतीमंत्री!

वहीतल्या चार इच्छांखाली आता पाचवी लिहिली आहे. आजींनी ती बऱ्याच आग्रहानंतर सांगितली. "काही नको. घोटाभर पाण्यात उभं राहायचं, कुणीतरी हात धरायचा." हात कोणी धरायचा यावरून दोन्ही मंत्र्यांत भांडण चाललं आहे. मी सांगितलं, आजीला हात दोन आहेत.

फराळाचे डबे भरून झाले, गाडीची हवा, स्टेपनी आणि कागदपत्रं तपासली. घाटात मळमळलं तर म्हणून आवळासुपारी आणि आलेपाक अगदी वर ठेवला आहे. माजघरातला चौकोन अजून तसाच आहे. केर काढताना आजी तो पुसू देत नाहीत.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या घरी सहलीचा बेत ठरत असेल तर नकाशा उघडण्याआधी घरची हजेरी घ्या. 'मी घर राखते' असं कुणी म्हणालं तर, 'बरं' म्हणून पुढे जाऊ नका. जवळ बसून विचारा, अडचण काय आहे? आणि हो, आजी-आजोबांना पाऊणकी येते का तेही विचारा. येत असेल तर पाठ करून घ्या. समुद्रावर उपयोगी पडते!