साडेनऊ लाखांच्या गाडीचा जमाखर्च



आपल्या बुऱ्हाणपूरच्या आठवणींत शाही किल्ला येतो, कुंडी भंडारा येतो, मावा जिलेबी तर येतेच येते. मी आज एका गाडीचा जमाखर्च लिहितोय. आयुष्य बँकेत गेलं, आकड्यांशिवाय मला काही आठवत नाही. गाडी माझ्या पुतण्याची. त्याला विचारूनच लिहितोय. म्हणाला, "काका, नाव घालू नका, आकडे सगळे घाला. कुणाचं तरी भलं होईल."

पुतण्याचे चोवीस पॉवरलूम आहेत. २०२१च्या दिवाळीत त्याने दिल्लीहून २०१३ सालची एक जर्मन डिझेल सेडान आणली. नवी असताना पन्नास लाखांच्या घरातली गाडी, याला मिळाली साडेनऊ लाखांत. पंचाहत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेली, रंग आरशासारखा.

एवढी स्वस्त का? राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला मनाई केली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. त्यामुळे आठ वर्षांच्या डिझेल गाडीला तेव्हा तिथे दोनच वर्षं उरायची. तीच गाडी ना-हरकत दाखला घेऊन बाहेरच्या राज्यात नेली की पंधरा वर्षांपर्यंत चालते. म्हणून तिथले मालक वेळीच विकून मोकळे व्हायचे.

पुतण्याचं म्हणणंही अगदी फोल नव्हतं. सुरतेचे, भिवंडीचे व्यापारी गाडीवरून माणूस जोखतात. आणि गाडी खरोखर उत्तम होती, हे मी मान्य करतो. आमच्या दादांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, पाठीचं दुखणं. इंदूरपर्यंत मागे झोपून जायचे, कूस बदलायची वेळ यायची नाही.

पण पैसा कुठून आला, हे मी आधी पाहतो. साडेनऊपैकी पाच लाख लूमच्या कॅश क्रेडिट खात्यातून काढलेले. मी तेव्हाच म्हटलं, "अरे, हा सुताचा पैसा आहे. सूत विणून, कापड विकून तो तीन महिन्यांत परत यायला हवा. गाडी काय विणणार?" तो हसला.

नव्या महागड्या गाडीला बँका आनंदाने कर्ज देतात. २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींचा सौदा झाला, तेव्हा स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिलं होतं. जुन्या गाडीला मात्र व्याज जास्त, मुदत कमी. बँकेला ठाऊक असतं की हे तारण दर महिन्याला झिजतंय.

इथे खरी गोम आहे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. या गाड्या पुण्याजवळ चाकणला, औरंगाबादला, चेन्नईला जोडल्या जातात, पण त्यांचे बरेचसे भाग परदेशातून येतात. साडेनऊ लाखांना घेतलेल्या गाडीचा पार्ट पन्नास लाखांच्या गाडीच्या भावानेच मिळतो.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग आपला उन्हाळा लागला. या गाड्यांच्या इंजिनात कूलंटचे पाइप, थर्मोस्टॅटचं घर, पंपाचे काही भाग प्लास्टिकचे असतात. आठ-दहा वर्षं तापून ते ठिसूळ होतात आणि एक दिवस चिरतात. मग पुढच्या सस्पेन्शनचे बुश गेले, कारण आपल्याकडचे गतिरोधक. बॅटरीही साधी चालत नाही, आणि ती बदलल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला तशी नोंद द्यावी लागते. गल्लीतला मिस्त्री चाळीस वर्षांचा अनुभवी, अँबेसेडरचं इंजिन डोळे मिटून उघडायचा. तो बॉनेट उघडून बघायचा आणि म्हणायचा, "काका, इथं पाना-पेंचिस चालत नाही, लॅपटॉप लागतो." लॅपटॉप इंदूरला, एकशे ऐंशी किलोमीटरवर.

ऑगस्ट २०२३. दादांची इंदूरला अँजिओग्राफी ठरलेली. दादा-वहिनी मागे, मी पुढे, पुतण्या चालवतोय. भेरूघाट चढताना समोर पिवळा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. गिअरबॉक्सला धोका वाटला की कॉम्प्युटर स्वतःच बाकीचे गिअर बंद करतो. वर पाऊस, मागे ट्रकची रांग. शेवटी गाडी कडेला घेतली. मागून एक मास्तर लहान गाडीतून चालले होते, ते थांबले. "बाबूजी को इसमें बिठाइए," म्हणाले. मी आणि वहिनी दादांना घेऊन त्यांच्या गाडीतून पुढे गेलो. दीड तास उशीर झाला. दादा सगळा रस्ता माझा हात धरून होते, एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळी दोन आकडे आले. दवाखान्याचा: स्टेंट टाकावा लागेल, सगळं मिळून १,७५,०००. गॅरेजचा: गिअरबॉक्समधलं मेकॅट्रॉनिक युनिट बदलावं लागेल, २,८५,०००. हे युनिट म्हणजे कॉम्प्युटरची पाटी आणि तेलाचे व्हॉल्व्ह एकत्र, तेही गरम तेलात बुडालेलं. गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायचं नसतं असं विकणाऱ्याने पुतण्याला सांगितलं होतं. असे गिअरबॉक्स बनवणारे स्वतः मात्र आठ वर्षांत किंवा लाखभर किलोमीटरच्या आसपास तेल बदला म्हणतात.

कॅश क्रेडिटची मर्यादा पूर्ण वापरलेली. पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. वहिनींनी हातातल्या पाटल्या काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. "भाऊजी, ह्या ठेवून या. आधी ह्यांचं. गाडी उभी राहिली तर राहू दे."

सोनेतारण कर्ज झालं, दादांना स्टेंट पडला. गाडी सहा आठवडे इंदूरला पडून. इकडे सुताला आगाऊ द्यायला पैसा नाही, म्हणून चोवीसपैकी दहा लूम बंद. चार कारागीर दुसरीकडे गेले. त्यांनाही घर होतंच.

पुतण्याला मी म्हटलं, आहे तशी विकून टाक. नादुरुस्त गाडीला दीड लाख मिळत होते. त्याने उसने घेऊन दुरुस्त केली, नीट करून विकली तर साडेपाच येतील म्हणाला. बँकेत हे आम्ही खूप पाहिलं. बुडीत कर्ज वाचवायला नवं कर्ज द्यायचं, मग दोन्ही बुडतात. वर्षभराने गाडी विकली तेव्हा आले सव्वाचार. म्हणजे २,८५,००० घालून किंमत वाढली २,७५,०००ने.

विमा होता, पण त्याचा काय उपयोग? साध्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाही. अपघात झाला तरी रबर, प्लास्टिक आणि बॅटरीची निम्मी किंमत कापतात, वेगळं झीरो-डेप्रिसिएशन कव्हर घेतलं नसेल तर.

आता तीन वर्षांचा हिशेब:

खरेदी: ९,५०,०००
कर, नोंदणी, एजंट: १,४०,०००
सर्व्हिस, ब्रेक पॅडसह: ५२,०००
चार टायर: ८८,०००
बॅटरी: २८,०००
कूलंट, थर्मोस्टॅट, पंप: ६४,०००
पुढचं सस्पेन्शन: ७८,०००
मेकॅट्रॉनिक: २,८५,०००
ट्रकवर घालून इंदूरला, दोनदा: २४,०००
विमा, तीन वर्षं: ९६,०००
एकूण: १८,०५,०००
वजा विक्री: ४,२५,०००
निव्वळ खर्च: १३,८०,०००

गाडी चालली २४,००० किलोमीटर. डिझेल धरलंच नाही, तरी किलोमीटरला साडेसत्तावन्न रुपये पडले. उसनवारीचं आणि सोनेतारणाचं व्याज, दहा बंद लूमचं नुकसान यात नाही.

कुणाच्या मुलाला, जावयाला अशी गाडी घ्यायचीच असेल तर घेऊ द्या, हौसेला मोल नसतं. पण चार गोष्टी करायला लावा. एक, सौदा करण्याआधी त्या कंपनीच्या गाड्या जाणणाऱ्याकडून पूर्ण स्कॅन करून घ्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री नको. दोन, सर्व्हिसची बिलं मागा. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते त्यात दिसलं पाहिजे. तीन, खरेदीच्या निम्मी रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवा आणि ती गाडीचीच समजा. तेवढी नसेल तर गाडी परवडत नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो. चार, धंद्याच्या खात्याला हात लावू नका.

दादा आता बरे आहेत, सकाळी नदीपर्यंत फिरून येतात. पुतण्याने लहान पेट्रोल गाडी घेतली, तिचं काम गल्लीतला मिस्त्रीच करतो. चोवीसही लूम चालू आहेत. गेलेल्या चार कारागिरांपैकी दोघे परत आले. पाटल्या सोडवायला मात्र यंदाचा पाडवा उजाडला. सोडवून आणल्या त्या दिवशी वहिनींनी त्या घातल्या नाहीत, कपाटात ठेवल्या. म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, सवय मोडली."

तुमच्याकडे असा हिशेब असेल तर लिहा. आकड्यांसकट लिहा.